आधी ऐकवा, मग छापा

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल. हातात निवडायला काही असेल तर निवडत राहा, माझं बोलणं हात चालू ठेवून ऐकण्यासारखंच आहे.

केंद्रावरच्या ताई मला म्हणाल्या, तुमचं पुस्तकांचं दुकान आहे, तर पुस्तकांवर काहीतरी बोला. मी म्हटलं, 'वाचाल तर वाचाल' असलं मी बोलणार नाही, ते शाळेच्या भिंतीवर लिहिलेलंच असतं. मी बोलेन ते पुस्तकाच्या प्रकाशनाबद्दल. म्हणजे तो कार्यक्रम असतो ना, रंगीत कागदात बांधलेली पुस्तकं, लाल फीत, पाहुणे, हार-तुरे, त्याबद्दल. कारण अशाच एका कार्यक्रमापायी एका बचत गटाचे चाळीस हजार रुपये अडकले, आणि त्यात चूक माझीही होती.

माझं दुकान तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. दहा बाय चौदाचा गाळा. पुढच्या बाजूला वह्या, पेनं, शाळेची गाइडं, श्रावणात राख्या. पोट त्यावर चालतं. मागच्या दोन भिंतींना कथा-कादंबऱ्या, कविता, शेतीची आणि आरोग्याची पुस्तकं. शंभर रुपयांच्या पुस्तकामागे मला पंचवीस-तीस रुपये सुटतात, तेही पुस्तक विकलं गेलं तर. म्हणून कुणी विचारतं, 'वह्याच ठेवा की नुसत्या, ही पुस्तकं कशाला?' तेव्हा मी गप्प बसते. उत्तर हिशेबात बसणारं नाही.

तर अक्कांची गोष्ट. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी आहे पण नावाची नाही. अक्का पलीकडच्या गावच्या, साठीला आलेल्या, सातवी शिकलेल्या. २०१९ च्या दुष्काळात आपल्या भागात चारा छावण्या होत्या, आठवतंय ना? जनावरं छावणीत, त्यांच्याबरोबर घरचं एक माणूस छावणीत. अक्का चार महिने तिथे ताडपत्रीखाली राहिल्या. दोन गाई, एक म्हैस. रात्री झोप यायची नाही, म्हणून नातवाच्या जुन्या वहीत कविता लिहायला लागल्या. छावणी उठली तेव्हा दोन वह्या भरल्या होत्या.

त्या वह्या घेऊन अक्का माझ्याकडे आल्या. "बाई, ह्याचं पुस्तक होतं का?" मी वही उघडली, दोन पानं चाळली, तेवढ्यात शाळेची पोरं आली वह्या घ्यायला. मी घाईघाईत एका प्रकाशकाचा पत्ता आणि फोन लिहून दिला. 'हे छापतात,' एवढंच सांगितलं. काय अटींवर छापतात ते मी विचारलेलं नव्हतं. ही माझी चूक.

छापण्याचा सगळा खर्च लेखकाने करायचा, अशी अट होती. पाचशे प्रती, चाळीस हजार रुपये. अक्कांनी गटातून कर्ज काढलं, शेकडा दोन रुपये व्याजाने. म्हणजे पहिल्या महिन्यापासून आठशे रुपये नुसतं व्याज. गटाच्या इतिवृत्तात कर्जाचं कारण लिहिलं 'घरगुती'. कविता छापायला कर्ज, असं लिहायला सचिव ताईंचा हात धजेना. मग गावात कार्यक्रम केला. मांडव, स्पीकर, शाली, नारळ, सन्मानचिन्हं, दीडशे माणसांचं जेवण. त्यासाठी दोन शेळ्या विकल्या.

पाहुणे दोन तास उशिरा आले. फीत सोडली, पुस्तकं वर धरली, फोटोवाला म्हणाला अजून जरा वर, मग अजून जरा वर. पाहुण्यांनी पुस्तक उघडून एक पान पाहिलं आणि पाऊण तास स्वतःच्या परदेश दौऱ्याबद्दल बोलले. अक्कांची पाळी शेवटी. तोवर पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती, पोरं इकडून तिकडे पळत होती. कुणीतरी चिठ्ठी दिली, 'दोन मिनिटांत आटपा.' अक्कांनी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसल्या. त्यांच्या पुस्तकाचा कार्यक्रम, आणि त्यांच्या पुस्तकातली एक ओळसुद्धा त्या दिवशी कुणी ऐकली नाही. मी पहिल्या रांगेत होते. मलाही शाल मिळाली.

एकशे दहा प्रती पाहुण्यांना आणि पै-पाहुण्यांना फुकट गेल्या. नऊ विकल्या. राहिल्या तीनशे एक्याऐंशी.

दोन महिन्यांनी अक्का खताच्या धुतलेल्या गोणीत पुस्तकं भरून एस.टी.ने दुकानात आल्या. गोणी टेकवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक विचारू का? माझ्या कविता वाईट हायत का?" मला उत्तर देता येईना. मी पुस्तक वाचलंच नव्हतं. पत्ता मी दिला, कार्यक्रमाला मी गेले, शाल मी घेतली, आणि वाचलं नव्हतं.

तिकडे गटात वेगळीच पंचाईत. अक्कांचे दोन हप्ते चुकले. पंचसूत्रीत नियमित परतफेड येते हे तुम्हाला मी सांगायला नको. गटाचं बँकेचं दुसरं कर्ज मंजुरीला होतं, दोघींना त्यातून शिलाई मशीन घ्यायचं होतं. बँक आधी गटाचा अंतर्गत हिशेबच बघते. बैठकीत एक जण म्हणाली, "कवितांनी आमची मशीनं अडवली." अक्का त्यानंतर दोन बैठकींना गेल्याच नाहीत.

आता इथे मी तुम्हाला जरा लांब नेते, पॅरिसला. कारण ज्या पावसाळ्यात हे चाललं होतं, त्याच पावसाळ्यात मी गिऱ्हाईक नसलं की एक इंग्रजी पुस्तक वाचत बसायचे. शेजारी शब्दकोश. माझं इंग्रजी बेताचंच, दिवसाला चार पानं व्हायची. पुस्तक होतं माझ्यासारख्याच एका दुकानदार बाईने स्वतःबद्दल लिहिलेलं. तिचं नाव सिल्व्हिया बीच.

सिल्व्हिया मूळची अमेरिकेची, एका पाद्र्याची मुलगी. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, १९१९ साल. तिला पॅरिसमध्ये इंग्रजी पुस्तकांचं दुकान काढायचं होतं. पैसे नव्हते. आईला तार केली, आईने आपले साठवलेले तीन हजार डॉलर पाठवून दिले. बघा, तिथेही आईचीच शिल्लक! दुकानाचं नाव ठेवलं 'शेक्सपिअर अँड कंपनी'. लोक पुस्तकं विकत कमी घ्यायचे, वर्गणी भरून वाचायला जास्त न्यायचे. हेमिंग्वे नावाचा तरणा लेखक पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खिशात वर्गणीचे पैसे नव्हते. तिने कार्ड करून दिलं, पुस्तकं दिली, म्हणाली पैसे होतील तेव्हा दे. त्याला पुढे नोबेल मिळालं. माझ्या उधारीच्या वहीतल्या कुणाला अजून मिळालेलं नाही, पण आशा आहे.

दोन वर्षांनी तिने दुकान हलवलं ते आद्रिएन मोनिए या मैत्रिणीच्या दुकानासमोर. आद्रिएन फ्रेंच पुस्तकं विकायची, आणि तिच्या दुकानात लेखक येऊन स्वतःचं लेखन वाचून दाखवायचे. दोघी मैत्रिणी, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं.

तेव्हा पॅरिसमध्ये जेम्स जॉइस नावाचा आयर्लंडचा लेखक राहायचा. त्याने 'युलिसिस' ही भली मोठी कादंबरी लिहायला घेतली होती. तिचे काही भाग अमेरिकेत एका मासिकात आले, तर ते मासिक चालवणाऱ्या दोन बायकांवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांना दंड झाला. त्यानंतर इंग्रजी मुलखात ते पुस्तक छापायला कुणी धजेना. सिल्व्हिया म्हणाली, मी छापते. तिने त्याआधी एक पुस्तकसुद्धा छापलेलं नव्हतं, आणि गल्ल्यात पैसे नव्हते.

मी इथे पुस्तक खाली ठेवलं आणि पुढचं वाचायच्या आधी विचार केला, आता ही कर्ज काढणार, किंवा लेखकाकडून पैसे घेणार.

तिने दोन्ही केलं नाही. तिने एक माहितीपत्रक छापलं. पुस्तक असं असं आहे, एकूण एक हजार प्रती निघणार, साधी प्रत १५० फ्रँक, चांगल्या कागदावरची २५०, आणि लेखकाची सही असलेली ३५०. ज्यांना हवी त्यांनी आपलं नाव नोंदवा. ती पत्रकं तिने ओळखीच्या, अनोळखी, सगळ्या वाचणाऱ्यांना पाठवली. नावं गोळा व्हायला लागली. दिजाँ गावच्या छापखानावाल्याला तिने सरळ सांगितलं, माझ्याकडे पैसे नाहीत, नोंदणीचे येतील तसे देईन. तो कबूल झाला.

आणि मैत्रिणींनो, पुस्तक तयार व्हायच्या दोन महिने आधी, ७ डिसेंबर १९२१ ला, समोरच्या आद्रिएनच्या दुकानात त्या पुस्तकाचं वाचन ठेवलं. व्हालेरी लार्बो या फ्रेंच लेखकाने जॉइसच्या लेखनाबद्दल सांगितलं, कादंबरीतले उतारे वाचून दाखवले गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जॉइस स्वतः पडद्याआड बसला होता. शेवटी त्याला ओढून पुढे आणावं लागलं. म्हणजे बघा, छापील पुस्तक कुणाच्या हातात नाही आणि लोकांनी ते ऐकलेलं आहे.

पुस्तक आलं २ फेब्रुवारी १९२२ ला. त्या दिवशी जॉइसला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. पहिल्या दोन प्रती रेल्वेच्या माणसाबरोबर पाठवल्या होत्या. सिल्व्हिया सकाळी स्टेशनवर जाऊन उभी राहिली, पुडकं घेतलं, एक प्रत जॉइसच्या घरी पोचवली, दुसरी दुकानाच्या काचेत ठेवली. झालं प्रकाशन. काचेतली प्रत बघून लोक दुकानात घुसले, आमची कुठाय म्हणून.

या गोष्टीचा पुढचा भाग मला आवडत नाही, पण सांगते. दहा वर्षांनी त्या कादंबरीचे हक्क अमेरिकेच्या मोठ्या प्रकाशकाकडे गेले. जॉइसला पैसे मिळाले. सिल्व्हियाला त्यातलं काही मिळालं नाही. ती तिच्या पुस्तकात याबद्दल फारसं कडू लिहीत नाही. मला मात्र तिच्या वतीने दोन दिवस राग होता.

मग मंदी आली. पॅरिसमधले अमेरिकन लोक परत गेले, दुकान चालेना. १९३६ साली ती बंद करायच्या विचारात होती. आंद्रे जीद या मोठ्या फ्रेंच लेखकाला हे कळलं, त्याने इतर लेखकांना गोळा केलं आणि एक मंडळ काढलं, या दुकानाच्या मित्रांचं. वर्षाला २०० फ्रँक वर्गणी, दोन वर्षं भरायची. सभासद दोनशेच, कारण दुकानात त्याहून जास्त माणसं मावत नव्हती. सभासदांना काय मिळणार? लेखक दुकानात येऊन वाचून दाखवणार. पहिलं वाचन जीदने केलं. पॉल व्हालेरीने वाचलं, टी. एस. एलियट लंडनहून आला. हेमिंग्वेला लोकांपुढे वाचायचं म्हटलं की नको व्हायचं, पण त्यानेही १९३७ साली स्टीफन स्पेंडर या कवीला जोडीला घेऊन वाचलं. वर्गणीच्या जिवावर दुकान तगलं.

ही भिशी नाही का? फक्त आकडा पॅरिसचा.

ते दुकान बंद पडलं १९४१ ला, आणि तेही पैशावाचून नव्हे. शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. एक जर्मन अधिकारी आला, काचेतलं जॉइसचं शेवटचं पुस्तक मागायला लागला. ती म्हणाली, ही माझी एकच प्रत आहे, विकायची नाही. तो परत आला आणि सगळा माल जप्त करतो म्हणाला. तो गेला तसं तिने आणि मैत्रिणींनी दोन तासांत सगळी पुस्तकं कपडे वाहायच्या टोपल्यांत भरून वरच्या मजल्यावर नेली, फळ्या काढल्या, दारावरचं नावसुद्धा रंगाऱ्याकडून पुसून घेतलं. पुढे सिल्व्हियाला सहा महिने छावणीत ठेवलं. ती सुटली, पण ते दुकान तिने परत उघडलं नाही. आज पॅरिसमध्ये त्याच नावाचं दुसरं दुकान आहे, दुसऱ्या एका अमेरिकन माणसाने काढलेलं. त्याने मुलीचं नाव सिल्व्हिया ठेवलं, आणि आता ती ते चालवते. तिथे अजून लेखक येऊन वाचतात.

तर त्या पावसाळ्यात हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात अक्कांची गोणी होती, दुकानाच्या कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यामागे. एका रात्री मी ती गोणी सोडली, एक पुस्तक घरी नेलं आणि सबंध वाचलं. सगळ्या कविता चांगल्या नव्हत्या, खोटं कशाला बोलू. दहा-बारा तर भजनाच्या चालीवर कशाबशा बसवलेल्या. पण छावणीच्या ज्या होत्या, त्या वाचून मी उठून बसले. दुसऱ्याच्या जनावराला मरताना बघून आपल्या जनावराच्या तोंडात वैरण घालताना हात कसा कापतो, ते अक्कांनी लिहिलं होतं. हे कुणी ऐकलंच नव्हतं.

मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो. बायका बाजाराला येतात, शेवटची गाडी पाचची. मी दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ धरली. पुढचं टेबल बाहेर काढलं, गठ्ठे माळ्यावर टाकले, खाली सतरंजी घातली. शेजारच्या शिंपीकाकूंना विचारून त्यांच्याकडच्या संडासाची किल्ली घेतली. हसू नका, कार्यक्रमाला बायका का थांबत नाहीत याचं निम्मं उत्तर तिथे असतं. अक्कांना सांगितलं, शाल नाही, नारळ नाही, पाहुणा नाही, चहा आहे. अक्का म्हणाल्या, "मग प्रकाशन कसलं?" म्हटलं, प्रकाशन झालं अक्का, आता वाचन.

चौदा जणी आल्या. त्यातल्या सहा जणींना वाचता येत नव्हतं. अक्कांनी चष्मा लावला, पुस्तक धरलं, आणि पहिली कविता अशी वाचली की मीच खाली मान घातली. आवाज बसलेला, ओळ तुटत होती. दुसऱ्या कवितेला त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि तोंडपाठ म्हणायला लागल्या. मग मात्र कुणी हललं नाही. शिंपीकाकूंचं मशीनसुद्धा थांबलं.

म्हशीची एक कविता आहे. ती संपली तशी मागून एक बाई म्हणाली, "अक्का, ती म्हस तुमची नव्हती, आमची होती." अक्का म्हणाल्या, "तुझीच गं. पण रडले मी." आणि मग जे सुरू झालं ते साडेतीनला थांबेना. छावणीत कोण कुठल्या रांगेत होतं, टँकर कधी यायचा, कुणाचं पोर तापाने फणफणलं होतं. अर्धी बाई कवितेला दुरुस्त्या सांगत होती. दोन दुरुस्त्या अक्कांनी मान्य केल्या आणि पेनाने पुस्तकात लिहून घेतल्या. सहा प्रती विकल्या गेल्या. म्हशीवाल्या बाईने एक घेतली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, आमची म्हस आहे यात, घरात असू दे.

मोठा आकडा नाही हो. पण पुढच्या सात महिन्यांत आम्ही अशी आठ वाचनं केली, तीन दुकानात, पाच वेगवेगळ्या गटांच्या बैठकींनंतर. १४३ प्रती गेल्या, १२० रुपयांप्रमाणे १७,१६० रुपये. मी माझा वाटा घेतला नाही. यात मोठेपणा नाही, पत्ता मी दिला होता. ते सगळे पैसे कर्जात गेले. कर्ज अजून फिटलेलं नाही, तेरा हजार बाकी आहेत. अक्का आता बैठकीला येतात. शिलाई मशीनवाल्या दोघींपैकी एकीला मशीन मिळालं, दुसरी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

वाचनाचं मी काय शिकले ते सांगते, कुणाला गटात करायचं असेल तर. वाचणारीने वीस मिनिटांहून जास्त वाचू नये, आणि काय वाचायचं ते घरी दोनदा मोठ्याने वाचून ठरवावं. जे कागदावर चांगलं दिसतं ते तोंडात बसेलच असं नाही. वीस-पंचवीस बायकांना माइक नको, माइक लागला की बाई भाषण करायला लागते. पहिला प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून एकीला आधी सांगून ठेवावं. पुस्तकं दाराजवळ ठेवावीत, हातात देऊन गळ घालू नये. जिला घ्यायचं नाही तिने ओशाळून चहा न घेता जाऊ नये.

आपल्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे तुम्हाला ठाऊक असतील. छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या आणि गल्ल्यावर बसून लिहायच्या, घरच्यांपासून लपवून. कितीतरी वर्षं ते लेखन लपलेलं राहिलं. त्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ ला आलं, पण त्याआधी 'स्त्री' मासिकात क्रमशः छापून आलं होतं. तिथेही वाचणाऱ्या आधी, पुस्तक नंतर. मला ही गोष्ट अक्कांच्या आधी आठवायला हवी होती. दुकानात ते पुस्तक आहे, माझ्या खुर्चीच्या मागच्याच फळीवर.

आता दुसरं पुस्तक यायच्या वाटेवर आहे. आमच्या भागातली एक जुनी सुईण आहे, पंच्याऐंशीच्या पुढची. तिच्या आठवणी तिची नात लिहून घेते. या वेळी आम्ही उलट चाललोय. आधी वाचन. चार गावांत झालं. ऐकल्यावर जिला पुस्तक हवं ती शंभर रुपये देते आणि पावती घेते. पैसे माझ्या गल्ल्यात नाहीत, गटाच्या खात्यात आहेत, वेगळ्या वहीत नावानिशी लिहिलेले. दीडशे नावं झाली की दोनशे प्रती छापायच्या. वर्षात झाली नाहीत तर पैसे परत. आजमितीला सत्याऐंशी नावं आहेत. होतील की नाही मला सांगता येत नाही. सुईण आजी म्हणते, "लवकर करा गं, मी बघायला पायजे."

तुमच्यापैकी कुणी वही भरली असेल, आणि कुणी छापून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर पैसे देण्याआधी लेखी विचारा. प्रती किती, दर काय, आणि उरलेल्या प्रती कुणाच्या? पुस्तक दुकानांपर्यंत कोण पोचवणार? दुसऱ्यांदा छापायचं झालं तर हक्क कुणाकडे? सिल्व्हियाला ते शेवटी फार महाग पडलं. आणि एक, पुस्तकाच्या मागे आयएसबीएन म्हणून लांबलचक क्रमांक असतो. आपल्या देशात तो केंद्र सरकारच्या संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर कशाबद्दल ते विचारायला लाजू नका. शंभर-दोनशे प्रती छापून देणारे छापखाने आता सगळीकडे आहेत, पाचशेच छापायला हव्यात असं काही नाही.

गटाची सहल काढायची असेल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांतून पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. आम्ही गेलो होतो तेव्हा अक्का एका घराच्या ओसरीवर दीड तास बसल्या आणि आमची गाडी चुकली.

पुढचं वाचन येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोन वाजता. सुईण आजी स्वतः येणार आहे, तब्येत बरी असली तर. वाचेल नात, मधेमधे बोलेल आजी. स्टँडच्या मागची गल्ली, शिंपीकाकूंच्या शेजारी. लेकरांना आणलं तरी चालेल. शेवटच्या गाडीच्या आत सोडते.